नळी, फिट आणि आदळआपट: घरातल्या माणसाचं सगळं अचानक तुमच्या हाती आलं तर

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्समध्ये चढवताना ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "मन्याची पांढरी गोळी अर्धी गं, अख्खी नाही." घरी येऊन डबा उघडला तर पांढऱ्या गोळ्या चार प्रकारच्या.

मन्या माझा धाकटा भाऊ, वय ३८. बौद्धिक दिव्यांगत्व आहे, लहानपणापासून फिट येतात, बोलणं नाही. चार वर्षांपूर्वी एकदा फिट थांबेचना, आयसीयूत ठेवावं लागलं, तेव्हापासून त्याचं गिळणं गेलं. आता पोटात थेट बसवलेली नळी आहे, डॉक्टर तिला पेग म्हणतात. अन्न, पाणी, औषध सगळं तिच्यातून. आणि काही बिनसलं की तो स्वतःच्या गालावर मारतो, डोकं आपटतो, नळीला हात घालतो. ही सगळी उस्तवारी आईच्या डोक्यात होती. कागदावर एक ओळ नव्हती.

आम्ही ऐरोलीला राहतो. तुमच्या घरी मन्याच्या जागी सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी असेल, किंवा नाकातून नळी घातलेले, रात्री उठून मारायला धावणारे बाबा असतील. तपशील बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील. औषधाचं आणि फीडचं (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाचं) प्रमाण मात्र तुमच्या डॉक्टरांचंच धरा, माझं नाही.

१. पहिल्याच रात्री वही घाला

मोबाइलमध्ये नको, वहीच. मोबाइल तुमच्याबरोबर बँकेत जातो आणि घरी मावशी (सांभाळायला ठेवलेली बाई) नळी हातात धरून उभी राहते. जाड पुठ्ठ्याची वही, पलंगाला दोरीने बांधलेली, पेनसुद्धा बांधलेलं.

पहिल्या पानावर औषधं. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, अख्खी की अर्धी, किती वाजता, कशासाठी. शेजारी रिकाम्या स्ट्रिपचा नाव दिसेल असा तुकडा सेलोटेपने चिकटवा. रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. आणि फिटच्या औषधाची कंपनी केमिस्टच्या सांगण्यावरून बदलू नका, आधी डॉक्टरांना फोन.

दुसऱ्या पानावर दिवसाचं वेळापत्रक: फीड, पाणी, औषध, लघवी, शी, झोप. शी झाली की नाही हे लिहायला लाजू नका. पुढे कळेल, अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं: त्याची भाषा. आई शुद्धीवर आल्यावर मी दोन दुपारी तिच्या खाटेशी बसून हे पान लिहून घेतलं. डावा अंगठा चावला म्हणजे लघवी. पंचा ओढला म्हणजे उकडतंय. कपाळ पलंगाच्या लोखंडाला टेकवून बसला म्हणजे डोकं दुखतंय, किंवा फिट यायची आहे. अशा अकरा खुणा निघाल्या. मी त्याच घरात वाढले, मला चार माहीत होत्या.

२. नळी स्वतःच्या हाताने शिका

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर एकदा करून दाखवते आणि आपण मान डोलावतो. तशी डोलावू नका. तिच्यासमोर स्वतः तीन वेळा फीड द्या, घरातल्या आणखी एकाला द्यायला लावा, आणि विचारून व्हिडिओ काढा.

लागणाऱ्या वस्तू: नळीच्या तोंडाला नीट बसणारी ५० मिलिची सिरिंज (दोन), चहाची नव्हे तर पिठाची असते तशी बारीक गाळणी, फक्त औषधांसाठी ठेवलेला छोटा खलबत्ता, मोजायचा कप, दोन घट्ट उशा, टॉर्च.

फीड देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि दिल्यानंतरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं झोपवून दिलेलं फीड उलटून फुप्फुसात जातं. त्यातून होणारा न्यूमोनिया या माणसांचा मोठा शत्रू आहे. सिरिंजचा दांडा काढून टाका, नुसती नळकांडी उंच धरा आणि फीड आपल्या वजनाने उतरू द्या. घाई झाली म्हणून दांड्याने रेटायचं नाही. आधी पाणी, मग फीड, मग पुन्हा पाणी. किती मिलि ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

नाचणीबद्दल सावध. गरम असताना पातळ दिसते, नळीत निवली की खळ होते. आमची नळी पहिल्या महिन्यात दोनदा तुंबली, दोन्ही वेळा नाचणी. तुंबल्यावर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करत राहायचं. तार, सुई, कोल्ड्रिंक असले प्रयोग नकोत. आणि घरचं फीड ओट्यावर दोन तासांच्या वर ठेवू नका, आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर नासतं.

औषधांचे तीन सापळे. एक, सगळ्या गोळ्या एकत्र कुटून एकदम देणं. प्रत्येक गोळी वेगळी, मध्ये थोडं पाणी. दोन, ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर, एक्सआर असं काही लिहिलंय ती कुटायची नसते. ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एका झटक्यात जातो. तिच्याऐवजी सिरप किंवा साधी गोळी लिहून मागा. तीन, फेनिटॉइन हे फिटचं औषध फीडबरोबर दिलं तर रक्तात कमी उतरतं. फीड आणि औषधात अंतर किती ठेवायचं ते न्यूरोलॉजिस्टना विचारा. आम्हाला हे वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही "औषध देऊनही फिट का येते" म्हणून रडत बसायचो.

नाकातली नळी असेल तर नाकपुडीपाशी नळीवर पेनाने खूण करा आणि प्रत्येक फीडआधी ती बघा. खूण सरकलेली असेल, खोकला येत असेल, श्वास लागत असेल तर फीड थांबवा आणि सिस्टरला बोलवा. सिरिंजने हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी शिकवतात. तिच्यावर विसंबू नका, नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो.

पोटातली नळी निसटली तर ते भोक काही तासांतच बुजायला लागतं. स्वतः आत ढकलू नका. वर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी पिशवीत घाला, लगेच हॉस्पिटल गाठा. सकाळी बघू म्हणालात तर पुन्हा सगळी प्रक्रिया करावी लागेल.

माणूस पूर्ण अंथरुणावर असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, एअर मॅट्रेस असली तरी.

३. फिट आली की आधी घड्याळ

आपल्याकडे फिट आली की कुणी कांदा आणतं, कुणी चप्पल, कुणी दातांत चमचा घालायला धावतं. यातलं काहीही करू नका. चमच्याने दात तुटतात, आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. घड्याळ बघा, आजूबाजूचं टणक सामान हलवा, कुशीवर वळवा, तोंडातली लाळ बाहेर येऊ द्या. हातपाय दाबून धरू नका. फीड चालू असेल तर बंद.

पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे घरी ठेवायचा का, कितव्या मिनिटाला आणि किती, हे न्यूरोलॉजिस्टकडून सहीनिशी लिहून घ्या. मावशी, शेजारी, कुणीही तो कागद वाचून वागू शकलं पाहिजे.

फिटचं औषध एकाएकी बंद झालं की फिट येते, आणि ते बंद कधी होतं? गणपतीत. गावाला जायची धांदल, नेहमीचा केमिस्ट बंद, दुसरा म्हणतो हे प्रिस्क्रिप्शन जुनं झालं. पंधरा दिवसांचा साठा कायम वेगळा ठेवा आणि प्रिस्क्रिप्शनची तारीख वहीत लिहा.

४. वागणं बदललं तर आधी दुखणं शोधा

न बोलणारा माणूस अचानक मारायला, ओरडायला, जागायला लागला तर "आजार वाढला" असं धरून चालू नका. बद्धकोष्ठ, दात, कान, लघवीचा जंतुसंसर्ग, पित्त, बायकांमध्ये पाळी, नवीन औषधाचा परिणाम, ही यादी आधी संपवा.

मन्या गेल्या वर्षी सहा आठवडे उजव्या गालावर मारत होता. एका डॉक्टरांनी झोपेचं औषध वाढवलं. तो दिवसभर गुंगीत, लाळ गळतेय, आणि जागा झाला की पुन्हा गालावर हात. शेवटी आई खाटेवरून म्हणाली, "अगं तोंडात बॅटरी मारून बघ की." मागची दाढ अर्धी किडून फुटली होती. तोंडाने खात नाही म्हणून त्याचे दात घासणं आम्ही सैल सोडलं होतं, चूक आमचीच. नळीवर असलेल्या माणसाचे दात दोनदा घासायचेच. लाळेतले जंतू फुप्फुसात जातात ते वेगळंच.

दुखणं नाही अशी खात्री झाली की मग वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ घाला. टीका-टिप्पणी नको, "मुद्दाम केलं" वगैरे नको. दहा-बारा दिवसांत काहीतरी दिसतं. आमच्या वहीत सकाळी सात ते सव्वासातमध्ये रोज डोकं आपटणं होतं, रविवारी मात्र आठनंतर. दूधवाला! तो आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं टाकून दूध वाटायचा आणि लिफ्ट "कृपया दरवाजा बंद करें" म्हणून कोकलत राहायची. त्याला खाली पिशवी ठेवायला सांगितली. एक गोळी न वाढवता सकाळचं आपटणं गेलं.

तिसरा रकाना घरच्यांना बोचतो. आमच्याकडे मन्या ओरडला की टीव्ही लागायचा. म्हणजे टीव्ही हवा असला की ओरडायचं, हे आम्हीच शिकवलं होतं.

५. भडका उडतो तेव्हा

एकानेच बोलायचं, हळू आवाजात, दोन-तीन शब्द. बाकीच्यांनी खोलीबाहेर. चष्मा, ओढणी, मंगळसूत्र काढून ठेवा. त्याच्या अगदी समोर उभं राहू नका, जरा बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर, आणि दाराची वाट मोकळी. डोकं आपटत असेल तर हात धरून ओढू नका, डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवा. "बघ मी आता डॉक्टरांना सांगते" अशी धमकी तर अजिबात नको. डॉक्टर ही शिक्षा झाली की पुढची प्रत्येक तपासणी म्हणजे लढाई.

पालथं पाडून पाठीवर बसणं जिवावर बेतू शकतं. चार नातेवाईक जमले की हेच होतं, म्हणून आधीच बजावून ठेवा. नळी ओढतो म्हणून हात पलंगाला बांधायचे नाहीत. पोटाला रुंद, मऊ पट्टा, पुढे बटणं नसलेला सदरा, आणि हातात काहीतरी. मन्याच्या हातात बाबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर असतो, फीड होईपर्यंत तो बटण फिरवत बसतो.

शांत झाल्यावर आधी नळीची जागा तपासा, मग नळीतून पाणी द्या, आणि मग वही.

मनोविकारतज्ज्ञांची गरज लागतेच, पण बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही दोन्ही वेगळं धरतो. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुमचा स्वतःचा तोल जातोय असं वाटलं तरी त्यावर फोन करा. मी केलाय.

६. ब्युरोकडून माणूस घेताना

ब्युरो म्हणजे घरी अटेंडंट, नर्स पुरवणारी संस्था. त्यांनी पाठवलेल्या बायकांना "नळीचं काम येतं का?" असं विचारलं की सगळ्या हो म्हणतात. तसं विचारूच नका. सिरिंज हातात द्या आणि म्हणा, "दाखवा बघू, साध्या पाण्याने." जी आधी हात धुते तिला ठेवा.

अटेंडंट आणि नर्स यांत फरक आहे. फीड, आंघोळ, डायपर, कूस हे अटेंडंट करेल. इंजेक्शन, नाकातली नळी बदलणं, कॅथेटर घालणं हे तिचं काम नाही, ती तयार असली तरी. नर्स म्हणून कुणी आली तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. पोलीस पडताळणी करून घ्या, आणि सुट्टीला बदली कोण पाठवणार हे ब्युरोकडून लेखी घ्या.

पहिले तीन दिवस तुम्ही घरी राहा. पहिल्या दिवशी तुम्ही करा, ती बघेल. दुसऱ्या दिवशी ती करेल, तुम्ही बघा. तिसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्या खोलीत. एका बाईला सकाळी आठला बोलावून साडेआठला मी ऑफिसला गेले होते, संध्याकाळी मन्याचा गाल सुजलेला आणि बाई म्हणतेय "खूप शांत होता". तिची चूक किती, माझी किती, हा हिशेब मी सोडून दिला.

ट्रान्स-हार्बर लोकलला (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे येणारी) पुष्कळदा रविवारी मेगाब्लॉक असतो. ठाण्याकडून येणारी बाई रविवारी उशिरा येणार हे धरूनच सकाळच्या फीडची सोय ठेवा. आणि तिला चहा-नाश्ता, अर्धा तास आडवं व्हायला जागा द्या. दमलेल्या हातून फीड घाईने जातं.

७. कागद

हे कंटाळवाणं आहे, पण माणूस बरा असतानाच उरकायचं.

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे वेळ लागतो, म्हणून फीड, सिरिंज, पाणी, डायपर आणि बदली कपडे बरोबर. आधार आणि प्रमाणपत्रावरच्या नावातलं एक अक्षर वेगळं असेल तर ते आधी सुधारा, नाहीतर पुढे प्रत्येक खिडकीवर अडाल.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यातली निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा देते, आधी वैद्यकीय तपासणी न करता, कुठल्याही वयात. नूतनीकरणाची तारीख वहीत घाला.

याच कायद्याखाली पालकत्व. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक, मालमत्ता, निवृत्तिवेतन कुठेतरी अडतंच. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. इथे नवी मुंबईकर हमखास फसतात: दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा, म्हणजे कोर्ट नाक्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे हा रायगड जिल्हा, म्हणजे अलिबाग. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, हे कुणी आपणहून सांगत नाही. डिमेन्शिया किंवा कोमातल्या माणसाला हा कायदा लागू नाही, त्यासाठी वकील गाठा.

फाइलमध्ये असू द्या: आधार, जन्मदाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, रेशनकार्ड, वीजबिल, फोटो (डझनभर), सगळ्या डिस्चार्ज समरी, भावंडांची संमतिपत्रं, आईवडिलांपैकी कुणी गेले असतील तर मृत्यूचा दाखला. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद कुठल्याही एजंटच्या हातात द्यायचे नाहीत.

संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय, महापालिकेच्या योजनांसाठी दिव्यांग कक्ष. महापालिकांना उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो, तेव्हा विचारायला संकोचू नका. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे एक चक्कर मारा. प्राप्तिकरात दिव्यांग नातेवाइकाला सांभाळणाऱ्यांसाठीची वजावट (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी) ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

८. दारामागचा कागद, आणि लिफ्ट

एका पानावर, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या मागे लावा: नाव, वय, वजन, आजार, औषधं, ॲलर्जी, नळीचा प्रकार, नंबर आणि बसवल्याची तारीख, दोन नातेवाइकांचे फोन. खाली दोन ओळी त्याच्याबद्दल. आमच्या कागदावर आहे: "बोलत नाही, पण सगळं कळतं. डावा हात धरू नका, आधी उशी द्या." कॅज्युअल्टीत या दोन ओळींचा औषधांच्या यादीइतकाच उपयोग होतो.

रात्री न्यूरोलॉजिस्ट आणि नळी बसवू शकणारं माणूस कुठल्या हॉस्पिटलात असतं, हे आजच फोन करून विचारा. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का ते मोजून बघा. आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही, हे आईला नेताना कळलं. तिला हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं, खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला. आता वॉचमनच्या केबिनमागे सोसायटीची व्हीलचेअर आहे.

९. दोन दिवस घराबाहेर राहून बघा

सहा महिन्यांनी, सगळं बसलं असं वाटलं की, दोन दिवस जा. काम काढून जा, नाहीतर जाणं होत नाही. मी पुण्याला चुलत बहिणीकडे डोहाळजेवणाला गेले. घरी मावशी आणि माझा मुलगा. लोणावळा यायच्या आत पहिला फोन: गाळणी कुठली, मोठी की छोटी? मग गरम पाणी किती गरम? मग मन्या ट्रान्झिस्टर घेत नाहीये. तो का घेत नव्हता ते आईने सांगितलं: पाठीमागचं झाकण सैल झालं की त्याला आवडत नाही, चिकटपट्टी लावा.

दोन दिवसांत पाच फोन आले. घरी आल्यावर पाचही गोष्टी वहीत चढवल्या, झाकणाची चिकटपट्टीसुद्धा. दिवाळीत तीन दिवस गेले तेव्हा एक फोन आला, तोही आईच्या गोळ्यांबद्दल. आईची वही अजून घालायची आहे.